किडनी वाचवण्यासाठी डायबेटिसच्या गोळ्यांसोबत काढा-अर्क घ्यावा का?

चोपडा तालुक्यातल्या एका मुलाने वडिलांबद्दल विचारले आहे. वडिलांचे वय 58, केळीची शेती, डायबेटिस 12 वर्षांपासून. क्रिएटिनिन (किडनीने बाहेर टाकायचा रक्तातला कचरा) 1.6, लघवीतील अल्ब्युमिन (एक प्रथिन) आणि क्रिएटिनिन यांचे गुणोत्तर 420, बीपी 148/88. गोळ्या चालू आहेत त्या मेटफॉर्मिन-ग्लिमेपिराइड आणि टेल्मिसार्टन 40, शिवाय गुडघे दुखले की डायक्लोफिनॅक. नातेवाइकांनी पुनर्नवा, गोखरू आणि वरुण यांच्या अर्काची कॅप्सूल आणून दिली आहे. सकाळी बिबळ्याच्या लाकडी पेल्यात भिजवलेले पाणी सुरू आहे. आता कोणीतरी केळीच्या गाभ्याचा रस सुचवला आहे. हे सगळे गोळ्यांबरोबर चालेल का, आणि चालत असेल तर गोळ्या कमी करता येतील का, असा प्रश्न आहे.

दुसऱ्या भागाचे उत्तर आधी देतो: गोळ्या कमी करायच्या नाहीत. उलट तुमच्या वडिलांच्या यादीत किडनी वाचवणारे एक औषध अजून आलेलेच नाही, आणि डायक्लोफिनॅक हे किडनीला मारक वेदनाशामक आजच बंद व्हायला हवे. कॅप्सूल, पेला आणि रस यांचे उत्तर वेगवेगळे आहे. तिघांना एकाच तराजूत घालता येणार नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जळगावात किडनीचे रुग्ण तपासताना 'सोबत काही झाडपाल्याचे घेता का?' हे मी प्रत्येकाला विचारतो. पहिल्यांदा बहुतेक जण 'नाही' म्हणतात. बायको किंवा मुलगा शेजारी बसलेला असेल तर तो हळूच पिशवीतून बाटली काढतो. डॉक्टर रागावतील म्हणून लपवायची गरज पडू नये, कारण लपवलेल्या बाटलीमुळे होणारे नुकसान बाटलीतल्या औषधापेक्षा पुष्कळदा मोठे असते.

तुमच्या वडिलांचे आकडे काय सांगतात ते बघू. 58 वर्षांच्या पुरुषात क्रिएटिनिन 1.6 म्हणजे ईजीएफआर, किडनी किती गाळते त्याचा अंदाज, साधारण 50. किडनीची गाळण्याची ताकद जवळपास निम्मी उरली आहे. त्याहून बोलका आकडा 420 चा आहे. हे गुणोत्तर 30 च्या आत असावे. 30 ते 300 ही सुरुवात, आणि 300 च्या वर गेले की किडनीची चाळणी बऱ्यापैकी फाटली आहे असे समजायचे. क्रिएटिनिन दरवेळी तपासले जाते, लघवीतले अल्ब्युमिन मात्र राहून जाते. तुमच्याकडे हा आकडा आहे ही चांगली गोष्ट आहे, कारण पुढे काय लागू पडले आणि काय नाही ते त्याच्यावरच कळणार आहे.

डायबेटिसमध्ये किडनी खराब होण्यात साखरेइतकाच वाटा किडनीच्या आतल्या दाबाचा असतो. ठिबक बसवलेल्या शेतकऱ्याला हे लगेच कळते. मोटारीचा दाब जास्त राहिला आणि पुढचा व्हॉल्व्ह आवळलेला असला तर पाणी जोरात पडताना दिसते, पण नळ्या फुगतात आणि जोड सुटतात. किडनीच्या लाखो गाळण्यांपैकी प्रत्येकीला रक्त आणणारी एक वाहिनी असते आणि नेणारी एक. साखर वाढलेली असली की आणणारी सैल पडते, नेणारी आवळते, आणि मधल्या गाळणीवर वर्षानुवर्षे दाब राहतो. टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल ही औषधे नेणारी वाहिनी सैल करतात. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही औषधे आणणारीला तिच्या जागी आणतात. दोन्हीकडून दाब उतरतो.

याला माणसांवरच्या मोठ्या चाचण्यांचा आधार आहे. लोसार्टनची चाचणी 2001 मध्ये प्रसिद्ध झाली. टाइप-2 डायबेटिसचे 1,513 रुग्ण होते आणि डायलिसिसच्या टप्प्याला जाण्याचे प्रमाण 28 टक्क्यांनी घटले. 2019 मध्ये कॅनाग्लिफ्लोझिनची आणि 2020 मध्ये डापाग्लिफ्लोझिनची चाचणी आली. दोन्हींत चार हजारांहून अधिक रुग्ण होते, आणि ही औषधे लोसार्टनसारख्या गोळीच्या जोडीला दिलेली होती. डापाग्लिफ्लोझिनने किडनी बिघडण्याचा आणि किडनी किंवा हृदयाच्या आजाराने येणाऱ्या मृत्यूचा एकत्रित धोका 39 टक्क्यांनी उतरवला. मग फिनेरेनोन आले, 2024 मध्ये सेमाग्लुटाइड आले. गोळ्यांची जोडी कशी तपासावी हे बघायचे असेल तर 2025 मध्ये प्रसिद्ध झालेली फिनेरेनोन आणि एम्पाग्लिफ्लोझिनची एकत्र चाचणी बघा. एकेकटे औषध देण्यापेक्षा दोन्ही मिळून दिल्यावर लघवीतले अल्ब्युमिन सुमारे 30 टक्के जास्त उतरले. ही जोडी आपोआप चांगली ठरली नाही, आधी तपासली गेली. रॅमिप्रिलच्या गटातले आणि टेल्मिसार्टनच्या गटातले औषध एकत्र दिले तर दुप्पट फायदा होईल असे पूर्वी डॉक्टरांनाही वाटायचे. 2008 आणि 2013 च्या चाचण्यांत त्या जोडीने पोटॅशियम वाढले, किडनीला अचानक इजा होण्याचे प्रमाण वाढले, आणि ती जोडी सोडून द्यावी लागली. दोन्ही औषधे एकेकटी उत्तम होती, तरीही.

आता वनस्पतींकडे येतो. वनस्पतींना कमी लेखायचे काहीच कारण नाही. तुमचे वडील रोज घेतात ते मेटफॉर्मिन युरोपातल्या गॅलेगा नावाच्या झुडपातील रसायनाच्या अभ्यासातून आले. डापाग्लिफ्लोझिनच्या घराण्याचा मूळ पुरुष फ्लोरिझिन. तो 1835 मध्ये सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून वेगळा केला गेला. पण सालीतून गोळीपर्यंत यायला दीडशेहून अधिक वर्षे लागली. नुसते फ्लोरिझिन तोंडाने घेतले तर आतड्यात नीट शोषले जात नाही आणि जुलाब होतात. रसायन बदलावे लागले, मात्रा ठरवावी लागली, हजारो माणसांवर बघावे लागले. आपल्याकडच्या बहुतेक अर्कांचा हा प्रवास अजून झालेला नाही.

'संशोधनाने सिद्ध' असे छापलेल्या बाटल्यांमागे बहुधा उंदरांवरचे प्रयोग असतात. उंदराला स्ट्रेप्टोझोटोसिन टोचून डायबेटिस करतात, काही आठवडे अर्क देतात, मग क्रिएटिनिन कमी भरले आणि किडनीचा काप बरा दिसला असे लिहितात. प्रयोग खोटे नसतात, पण त्यांचा अर्थ मर्यादित असतो. स्ट्रेप्टोझोटोसिन स्वतःच किडनीला विषारी आहे. त्यामुळे अर्काने डायबेटिसपासून किडनी वाचवली की त्या विषापासून, हे सांगणे कठीण होते. शिवाय अर्क बहुतेक वेळा डायबेटिस झाल्या झाल्या सुरू केलेला असतो, बारा वर्षांनी नाही. मात्रेचा हिशेबही करून बघा. उंदराला किलोमागे 200 मिलिग्रॅम अर्क दिला असेल, तर माणसासाठीच्या रूढ हिशेबाने ते किलोमागे सुमारे 32 मिलिग्रॅम होते. 60 किलोच्या माणसाला दिवसाला जवळपास 1.9 ग्रॅम अर्क लागेल. अर्क दहास एक असेल, म्हणजे दहा ग्रॅम सुक्या वनस्पतीतून एक ग्रॅम काढलेला, तर ती 19 ग्रॅम सुकी वनस्पती झाली, रोजच्या रोज. बाटलीतल्या कॅप्सूलमध्ये 250 मिलिग्रॅम असते, आणि त्यातही तीन वनस्पती वाटून घेतात.

माणसांवर, तेही नेहमीच्या गोळ्यांच्या जोडीने वनस्पतीचा अर्क देऊन काही अभ्यास झाले आहेत. इराणमध्ये 2012 मध्ये 60 रुग्णांना सिलिमारिन, म्हणजे मिल्क थिसलचा अर्क, तीन महिने बीपीच्या गोळ्यांसोबत दिला आणि लघवीतले अल्ब्युमिन घटले. इराणमध्येच हळदीवर 40 रुग्णांचा दोन महिन्यांचा अभ्यास झाला, त्यातही अल्ब्युमिन घटले. हाँगकाँगमध्ये 118 रुग्णांना नेहमीच्या उपचारांसोबत ॲस्ट्रॅगॅलस ही चिनी वनस्पती 48 आठवडे दिली. ईजीएफआरची घसरण मंदावली, अल्ब्युमिनमध्ये मात्र फरक पडला नाही. ही आशेची चिन्हे आहेत, आणि हाँगकाँगचा अभ्यास मला विशेष महत्त्वाचा वाटतो, कारण तो चालू गोळ्या न सोडता केला होता. पण हळदीतल्या कर्क्युमिनवर कॅनडात सुमारे 500 रुग्णांची, नकली कॅप्सूलशी तुलना करणारी चाचणी झाली, तेव्हा सहा महिन्यांत ना अल्ब्युमिनमध्ये फरक दिसला ना ईजीएफआरमध्ये. छोट्या अभ्यासात दिसलेला फायदा मोठ्या अभ्यासात विरून जातो, हे गोळ्यांच्याही बाबतीत अनेकदा घडलेले आहे.

बार्डोक्सोलोनचीही एक गोष्ट इथे सांगायला हवी. वनस्पतींत सापडणाऱ्या ओलिॲनोलिक आम्लापासून ते तयार केलेले होते, आणि शरीराची स्वतःची ॲन्टिऑक्सिडन्ट यंत्रणा जागी करून किडनी वाचवणार होते. आपल्या बाटल्यांवर तोच दावा छापलेला असतो. सुरुवातीला ईजीएफआर छान वाढले. मग डायबेटिस आणि किडनीच्या प्रगत आजाराच्या दोन हजारांहून अधिक रुग्णांची चाचणी सुरू झाली, आणि हृदय निकामी होण्याचे प्रमाण इतके वाढले की 2012 मध्ये ती मध्येच थांबवावी लागली. रिपोर्टमधला आकडा सुधारत होता आणि माणूस बिघडत होता.

इथे मी थोडा जास्त थांबणार आहे, कारण खानदेशातल्या घराघरांत गोंधळ होतो तो याच जागी. आकडा सुधारला म्हणजे औषध लागू पडले, असे धरले जाते. एक आजोबा काही महिन्यांनी तपासणीला आले. गोळ्या सोडून काढा घेत होते. चेहऱ्यावर आनंद होता. म्हणाले, ''साहेब, आते साखर बरी शे, काढा लागू पडना.'' साखर खरोखर खाली आली होती, इन्सुलिनचे युनिट त्यांनी स्वतःच निम्मे केले होते. क्रिएटिनिन तपासले तर दुपटीच्या वर गेलेले. शरीरातल्या इन्सुलिनचा मोठा भाग किडनी मोडून टाकते. किडनी ढेपाळली की इन्सुलिन रक्तात जास्त वेळ रेंगाळते आणि साखर आपोआप उतरते. भूक मंदावलेली असते, खाणे घटलेले असते, त्याचीही भर पडते. ज्या माणसाची साखर जुन्या औषधांवर, काही न बदलता, अचानक 'सुधारते', त्याची किडनी आम्ही आधी तपासतो. घरी मात्र त्या दिवशी पेढे वाटलेले असतात.

असाच दुसरा चकवा क्रिएटिनिनचा. टेल्मिसार्टन किंवा डापाग्लिफ्लोझिन सुरू केले की पहिल्या काही आठवड्यांत क्रिएटिनिन थोडे वाढते. आतला दाब उतरल्याची ती खूण आहे. 30 टक्क्यांपर्यंतची वाढ आम्ही स्वीकारतो. तुमच्या वडिलांचे 1.6 चे 1.9 झाले तरी पोटॅशियम ठीक असेल तर गोळी सुरूच ठेवतो. घरच्यांना मात्र धडकी भरते, 'गोळीनेच किडनी बिघडवली' म्हणून ती बंद होते, आणि त्याच आठवड्यात कुणीतरी काढा आणून देतो. गोळी थांबल्यामुळे क्रिएटिनिन पुन्हा 1.6 वर येते. श्रेय काढ्याला जाते आणि गाळणीवरचा दाब पुन्हा पहिल्यासारखा चढतो. वर्षभराने परत येतात तेव्हा लघवीतले अल्ब्युमिन हजाराच्या पुढे गेलेले असते.

आजारपणात स्नायू झडले तरी क्रिएटिनिन कमी दिसते. ताप, लघवीचा जंतुसंसर्ग किंवा दिवसभराची अंगमेहनत असली तर अल्ब्युमिन वर जाते आणि नंतर आपसूक उतरते, म्हणूनच एका रिपोर्टवर कसलाच निष्कर्ष काढू नये. तीन-सहा महिन्यांतल्या तीन तपासण्यांपैकी दोन सारखे बोलायला हव्यात.

आता तुमच्या यादीतल्या एकेका गोष्टीकडे.

बिबळ्याचा पेला. सातपुड्यातले हे झाड आपल्या ओळखीचे, आणि पेल्यातले पाणी सकाळी तपकिरी झालेले बघून विश्वास बसतो. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने 1990 च्या दशकात विजयसारावर म्हणजे बिबळ्यावर चाचणी केली होती, नव्याने निदान झालेल्या टाइप-2 रुग्णांवर. बऱ्याच जणांची साखर आटोक्यात आली. पण ती खुली चाचणी होती, तुलनेला दुसरा गट नव्हता, आणि प्रश्न साखरेचा होता, किडनीचा नव्हता. पेल्यातल्या पाण्यात अर्क किती उतरतो तेही पेल्याच्या वयावर अवलंबून असते. माझे मत असे, की पेला किडनीसाठी काही करतो असा पुरावा नाही, पण इतर काही न सोडता घेतला तर मोठा धोकाही मला दिसत नाही. एकच जपायचे. वडिलांच्या गोळीत ग्लिमेपिराइड आहे. किडनी अर्धी असताना ग्लिमेपिराइडने साखर घसरली तर ती तासन्‌तास घसरलेलीच राहू शकते. त्यात बिबळा, गुडमार, कारल्याचा रस, जांभूळबियांची पूड असे दोन-तीन एकदम सुरू झाले, तर पहाटे घाम फुटून बेशुद्ध पडण्याची वेळ येते. ग्लुकोमीटर घरी असू द्या आणि पहिले पंधरा दिवस पहाटेची साखर बघा.

कॅप्सूल. पुनर्नवा, गोखरू, वरुण ही लघवी वाढवणारी म्हणून वापरली जातात. पायाची सूज थोडी उतरते आणि लोकांना वाटते किडनी सुधारली. सूज उतरणे वेगळे आणि गाळणी सावरणे वेगळे. पुनर्नव्यात पोटॅशियमचे क्षार भरपूर असतात. टेल्मिसार्टन पोटॅशियम शरीरात धरून ठेवते. म्हणून कॅप्सूल चालू ठेवायचीच असेल तर आधी पोटॅशियम तपासा. ते 5 च्या वर असेल तर नको. हीच औषधे आसव म्हणून घेतली जातात तेव्हा आणखी एक अडचण येते. आसव-अरिष्टांत गूळ घालून आंबवलेले असते, गोडही असते आणि स्वतः तयार झालेला मद्यार्कही असतो. डायबेटिसच्या माणसाने ती चमचे मोजून, वैद्यांना साखरेचे रिपोर्ट दाखवूनच घ्यावीत.

केळीच्या गाभ्याचा रस. याचे उत्तर सरळ 'नको' असे देतो. मुतखड्यासाठी हा रस आपल्या भागात घरोघरी काढतात, आणि रावेर-यावल-चोपड्यात केळीला तोटा नाही. केळीच्या खोडात पोटॅशियम प्रचंड असते. ज्याची किडनी धड आहे तो ते लघवीवाटे टाकून देतो. ईजीएफआर 50 असलेला, टेल्मिसार्टनवर असलेला माणूस तेवढे टाकू शकत नाही. रावेरकडची एक बाई मे महिन्यात हातपाय लुळे पडल्याच्या तक्रारीने आली होती. घरच्यांना लकवा वाटला. ईसीजीत टी-लहरी तंबूसारख्या उंच झालेल्या, नाडी 40 च्या आसपास, पोटॅशियम 7.1. शिरेतून कॅल्शियम ग्लुकोनेट दिले, इन्सुलिन-ग्लुकोज लावले, रात्री डायलिसिस केले. शुद्धीवर होती म्हणून तिलाच विचारले. आठवडाभर रोज सकाळी पेलाभर रस, 'किडनी धुऊन निघते' म्हणून. सोबत बीपीची गोळी आणि उन्हात पाणी कमी. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 च्या वर जातो, अंगातले पाणी आटलेले असते, किडनीला आधीच रक्त कमी मिळत असते. ती बाई वाचली. हृदय बंद पडायला त्या सकाळी फार उरले नव्हते.

तोच धोका शहाळ्याचे पाणी आणि 'हलके' म्हणून घेतलेल्या पोटॅशियमयुक्त मिठातून होतो. ते पाकीट कमी सोडियमचे म्हणून बीपीवाल्यांना आवडते, किडनीवाल्यांनी त्याला हात लावू नये.

याखेरीज काही गोष्टी तुमच्या यादीत नाहीत, पण आज ना उद्या कुणीतरी सुचवेल म्हणून सांगून ठेवतो. जेष्ठमध रोज घेतले तर बीपी चढते आणि टेल्मिसार्टनचा फायदा धुऊन निघतो. हळद-मिरी एकत्र असलेल्या कॅप्सूलमधले मिरीतले पाइपरिन इतर औषधे शरीरातून बाहेर टाकणाऱ्या यंत्रणेला अडवते, त्यामुळे दुसऱ्याच एखाद्या गोळीची पातळी वाढू शकते. शिवाय रोज मोठ्या मात्रेत हळदीचे पूरक घेतल्याने ऑक्झलेटचे खडे किडनीत रुतल्याच्या नोंदी आहेत. भाजीतल्या हळदीबद्दल मी बोलत नाही, ती खुशाल खा. मेथीची पूड आणि इसबगोल गोळ्यांचे शोषण लांबवू शकतात, दोन तासांचे अंतर ठेवा. गुळवेल कोविडच्या काळात घरोघरी उकळली गेली आणि 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी यकृताला सूज आलेल्या रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने तेव्हा वनस्पतीच्या ओळखीवर शंका घेतली होती. तो वाद बाजूला ठेवला तरी, वेल नक्की कोणती आहे हे विकत घेणाऱ्याला कळत नाही, हा मुद्दा उरतोच.

ओळखीच्या या मुद्द्यावर मी अडून बसतो त्याला कारण आहे. सापसन नावाची वेल आपल्या जंगलात आहे, ईश्वरी म्हणूनही ओळखतात, साप चावल्यावर देतात. तिच्या कुळात ॲरिस्टोलोकिक आम्ल असते. ब्रसेल्समध्ये 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला वजन कमी करण्याच्या गोळ्यांत एका चिनी वनस्पतीच्या जागी याच कुळातली दुसरी गेली, आणि शंभराहून अधिक स्त्रियांच्या किडन्या खराब झाल्या. अनेकींना डायलिसिस किंवा प्रत्यारोपण लागले, काहींना पुढे मूत्रमार्गाचा कॅन्सर झाला. बाजारात मुळ्यांच्या जुड्या विकायला बसलेला माणूस फसवत असेल असे मला म्हणायचे नाही. वाळलेली मुळी सगळ्यांनाच सारखी दिसते.

भस्मांबद्दलही स्पष्ट बोलतो. मधुमेहासाठी प्रसिद्ध असलेल्या वसंतकुसुमाकर रसात नागभस्म, म्हणजे शिशाचे, आणि रससिंदूर, म्हणजे पाऱ्याचे, असते. शास्त्रोक्त शोधन-मारणाने ते निर्दोष होते अशी परंपरेची भूमिका आहे आणि ती मांडणाऱ्या वैद्यांशी माझा संवाद आहे. पण माझ्यासमोर लघवीतून प्रथिने जाणारे रुग्ण येतात. वेल्लोरच्या सीएमसीतील डॉक्टरांनी 2022 मध्ये दाखवून दिले, की एका विशिष्ट प्रकारच्या मेम्ब्रेनस नेफ्रोपथीचा, म्हणजे किडनीच्या गाळणीच्या एका आजाराचा, पारा असलेल्या पारंपरिक औषधांशी संबंध आहे, आणि ती औषधे थांबवल्यावर बहुतेक रुग्ण सुधारतात. ज्याची गाळणी आधीच फाटली आहे त्याने धातू असलेले कोणतेही औषध घेऊ नये, हे मी ठामपणे सांगतो. नुसत्या वनस्पतींच्या औषधांतही शिसे 10 पीपीएम (दहा लाख भागांत 10), आर्सेनिक 3, पारा 1 आणि कॅडमियम 0.3 च्या आत असावे अशी आपल्याकडे मर्यादा आहे. निनावी पुडीला ती लागू करणार कोण?

त्या निनावी पुडीत आणखीही काही निघते. सांधेदुखीच्या 'जडीबुटी'त स्टेरॉइड आणि डायक्लोफिनॅक, साखरेच्या चूर्णात ग्लिबेनक्लामाइड ही साखर उतरवणारी गोळी. पहिल्या दोन दिवसांत जादूसारखा फरक पडला तर आनंदापेक्षा संशय आधी यावा.

तेव्हा कॅप्सूलची बाटली हातात घ्या. सर्व घटक, प्रत्येकाची मात्रा, आयुर्वेदिक औषधाचा उत्पादन परवाना क्रमांक, बॅच, मुदत हे छापलेले आहे का बघा. त्याऐवजी एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, क्रमांक असेल तर ती वस्तू अन्न म्हणून विकली जात आहे, औषध म्हणून तिचा परवानाच नाही. 'डायबेटिस मुळापासून बरा' असे लिहिले असेल तर तशी जाहिरात करणे 1954 च्या कायद्याने गुन्हा आहे, एवढ्यावरूनच विकणाऱ्याची पारख होते. चांगला नोंदणीकृत वैद्य जवळ असेल तर त्याच्याकडे जरूर जा, पण क्रिएटिनिन, पोटॅशियम आणि माझ्यासारख्याने लिहिलेल्या गोळ्यांची चिठ्ठी घेऊन जा. जो वैद्य ती चिठ्ठी नीट वाचतो आणि 'गोळ्या सोडू नका' म्हणतो, त्याच्यासोबत मला काम करायला आवडते. जो न बघताच 'ते सगळे बंद करा' म्हणतो, त्याच्या दारातून उठा.

आता वडिलांसाठी क्रम. डायक्लोफिनॅक बंद. गुडघ्यांना पॅरासिटामॉल, लावायचे मलम, शेक, आणि बसून करता येतील असे मांड्यांचे व्यायाम. कॅप्सूल आणि पेला महिनाभर बाजूला ठेवा. ते वाईट आहेत म्हणून नाही, तर एका वेळी एकच बदल केला तरच कशाने काय झाले ते कळते म्हणून. या महिन्यात तुमच्या डॉक्टरांना दोन गोष्टी विचारा: बीपी 148 असताना टेल्मिसार्टन 80 करता येईल का, आणि डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन सुरू करता येईल का. ईजीएफआर 20 पर्यंत ते सुरू करता येते, वडिलांचे तर 50 आहे. डापाग्लिफ्लोझिनचे आणि 2025 मध्ये एम्पाग्लिफ्लोझिनचेही पेटंट संपल्यापासून दोन्हींच्या किमती बऱ्याच उतरल्या आहेत. ते सुरू करताना ग्लिमेपिराइड बहुधा कमी करावे लागेल. म्हणजे एक गोळी कमी व्हावी ही तुमची इच्छाही योग्य रस्त्याने पुरी होऊ शकते. जननेंद्रियाची जागा कोरडी, स्वच्छ ठेवायला सांगा, नाहीतर बुरशी होते. उलट्या-जुलाब, लू लागणे, नवरात्राचे कडक उपवास अशा वेळी ती गोळी, मेटफॉर्मिन आणि टेल्मिसार्टन डॉक्टरांना फोन करून तात्पुरते थांबवायचे असते. हा नियम कागदावर लिहून फ्रिजवर लावा.

खाण्यात मीठ. पापड, शेव, लोणचे आणि वरून घेतलेले मीठ एवढे आवरले तरी टेल्मिसार्टनचा अंमल वाढतो. शेवभाजी महिन्यातून एकदा असू द्या. भरीत खा, कळण्याची भाकरी खा, फक्त ठेच्यातल्या मिठाकडे लक्ष असू द्या. घरची केळी आहेत म्हणून रोज चार-पाच नकोत. पोटॅशियमचा रिपोर्ट बघून किती खायची ते ठरवू.

गोळ्या बदलल्यानंतर दोन ते चार आठवड्यांनी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम, तीन महिन्यांनी लघवीतले अल्ब्युमिन. ते 420 वरून 300 च्या खाली आले तर गाळणीवरचा दाब उतरतो आहे. त्यानंतरही कॅप्सूल द्यावीशी वाटली, लेबल पूर्ण असले, धातू नसले आणि पोटॅशियम 5 च्या आत असले, तर मी अडवणार नाही. सुरू केल्याची तारीख फाइलवर लिहा, दोन आठवड्यांनी पोटॅशियम आणि क्रिएटिनिन, महिन्याने एसजीपीटी ही यकृताची तपासणी, तीन महिन्यांनी पुन्हा अल्ब्युमिन. गोळ्या त्याच, जेवण तेच, नवी फक्त कॅप्सूल. तीन महिन्यांत अल्ब्युमिन हलले नाही तर ते पैसे ग्लुकोमीटरच्या पट्ट्यांवर खर्च करा. भूक मेली, मळमळ वाटली, डोळे-लघवी पिवळी झाली, अंगावर सूज आली, लघवीला फेस वाढला किंवा हातपाय जड पडले, तर त्याच दिवशी कॅप्सूल बंद करायची आणि बाटली घेऊनच दवाखान्यात यायचे. रिकामी असली तरी आणा, लेबल वाचायचे असते.